वरचा एक रुपया

आमच्या नाटक सभेत शाली फिरत असतात. कुणी पाहुणा आला की त्याच्या खांद्यावर शाल घालायची, फोटो काढायचा, आणि पाहुणा ती खुर्चीच्या पाठीवर टाकून जेवायला गेला की मी ती हळूच उचलून, घडी करून ट्रंकेत ठेवायची. पुढच्या पाहुण्याला तीच. बरेच पाहुणे मुद्दाम ठेवून जातात, कारण तंजावुरात शाल घातल्याशिवाय कुठलाही कार्यक्रम होत नाही आणि शहाण्या माणसाच्या घरी शालींचा ढीगच असतो. एकदा एका वकिलानं शाल अंगावर घेऊन थेट स्कूटर चालू केली. मी फाटकापर्यंत मागं गेले होते. अजून लोक ते सांगून हसतात.

मला चिक्कू म्हणतात, तोंडावर म्हणतात. म्हणोत बापडे. सगळी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्यात गेली, निवृत्त झाल्यापासून सभेचे सांभाळते. खजिनदार दिलदार निघाला की सभा बुडते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी जमा आणि खर्च जुळले, पैशाचाही फरक उरला नाही, की मला जेवण गोड लागतं. हा स्वभाव आहे, त्याला औषध नाही. एरवी त्याबद्दल मी कुणाशीही भांडले असते. आता भांडायला उभं राहावं असं वाटत नाही.

सभा म्हणजे फार मोठं काही समजू नका. माझ्या काकांचं भाताचं गोडाऊन होतं, ते त्यांनी सभेला देऊन टाकलं. पाऊस लागला की अजून भिंतींतून कोंड्याचा वास येतो. तिथं आम्ही वर्षाला दोन नाटकं करतो, मराठीत. बघायला येतात आमचे म्हातारे, त्यांची मुलं, ज्यांना मराठी कळते पण बोलताना अडतात, आणि नातवंडं, ती फोन बघतात. नाटक लिहून घ्यायचं तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी वाचणारे आमच्यात हाताच्या बोटांवर. तमिळ लिपीत 'प' आणि 'ब'ला एकच अक्षर, 'क' आणि 'ग'लाही एकच. त्यामुळं तालमीत कुणी 'बाप' म्हणायच्या जागी 'पाप' म्हणतो आणि समोरचा नट त्याच सुरात 'काय पापा?' म्हणून उत्तर देतो. कुणाला काही खटकत नाही. पुण्याकडचे एक पाहुणे नाटकभर तोंडावर रुमाल धरून बसले होते. त्यांना शाल घातली, ती मात्र ते घेऊन गेले.

या सगळ्या मंडळीत सर्वांत स्वच्छ मराठी बोलणारी बाई मराठी नव्हती. त्या टीचर. निवृत्त होताना हेडमिस्ट्रेस होत्या, पण सगळं गाव टीचरच म्हणतं. घरची भाषा तमिळ. लहानपण आमच्या गल्लीत गेलं, आमच्याच घरांतून खेळून, जेवून, मार खाऊन मराठी शिकल्या. माझ्याहून थोड्या लहान, म्हणून मला अक्का म्हणतात. लग्न होऊन पट्टुक्कोट्टैकडच्या एका मोठ्या शेतकरी घरात गेल्या आणि नवऱ्याच्या नोकरीमुळं परत तंजावुरातच आल्या. आमच्या नाटकांत रागीट राणी त्यांची, देवी त्यांची, सुनेला छळणारी सासूही त्यांचीच. त्यांचा 'ब' हा 'ब' असायचा आणि 'भ' हा 'भ'. आमचीच माणसं त्यांच्यापुढं उभी राहिली की भाड्यानं आणल्यासारखी वाटायची.

पैशाचं म्हणाल तर सभेचं कायम ओढाताणीतच चालतं. तिकीट लावलं तर आमचे लोक विचारतात, 'आपल्याच घरात तिकीट?' पास मागतात, आणि वर कॉफी गार होती म्हणून सांगतात. अमेरिकेत गेलेली मुलं व्हिडिओ बघून डोळ्यांत पाणी आलं असं कळवतात. त्या पाण्यावर विजेचं बिल भरता येत नाही. मदतीसाठी महाराष्ट्रात लिहिलं तर उत्तर आलं, तुम्ही राज्याबाहेरचे. चेन्नईला विचारलं तर म्हणाले, तमिळ नाटक करता का? इकडे आड, तिकडे विहीर, मधे आमचं गोडाऊन.

अशात एका प्रयोगाला राजाच्या डोक्यावरच्या दिव्यातून ठिणग्या पडल्या. राजा सिंहासन सोडून पळाला. लोकांना तो नाटकातलाच भाग वाटला आणि त्या वर्षातली सगळ्यांत मोठी टाळी तिथं पडली. दुसऱ्या दिवशी वायरमन शिडीवर चढून बघून आला. म्हणाला, सगळं वायरिंग बदला, नाहीतर एक दिवस गोडाऊन, पडदे आणि तुम्ही, सगळं एकदमच जाईल. त्यानं खर्च सांगितला तसा अण्णा मटकन खाली बसला. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, सभेचा अध्यक्ष. काही ठरवायची वेळ आली की त्याचं ब्लडप्रेशर वाढतं.

मोयची कल्पना माझी.

आमच्या जिल्ह्यात, दक्षिणेकडच्या गावांतून, आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, मोय विरुंदु असतो. विरुंदु म्हणजे जेवण. ज्याला पैशाची नड आहे तो मंडप घालतो, नात्यागोत्याला जेवायला बोलावतो. जो येईल तो जेवतो आणि जाताना टेबलापाशी आपल्या नावावर काही रक्कम मांडून जातो. तो मोय. व्याज नाही, जामीन नाही, सही नाही. पण विसरायचं नाही. उद्या देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की घेणाऱ्यानं तिथं जाऊन घेतलेलं परत मांडायचं, चारचौघांत. कुणी काय मांडलं ते माइकवर पुकारतात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मोयचे पैसे पिशव्यांत भरून बँकेत जमा करायला आणणारी माणसं मी काउंटरवर सबंध नोकरीभर पाहिलीत.

पण आम्ही पडलो नाटकवाले. शब्द आम्हाला वेशासारखा, प्रयोगापुरता अंगावर चढवायचा आणि मग खुंटीला अडकवायचा. निमंत्रणावर 'देणगीसाठी भोजन' असं छापलं तर कुत्रं तरी येईल का? 'मोय विरुंदु' म्हटलं की लोक हसतील, गंमत म्हणून येतील. पोळी खाणाऱ्या लोकांचा मोय विरुंदु. अण्णाला एवढी आवडली ही कल्पना की त्यानं ती स्वतःची म्हणून चार ठिकाणी सांगितली. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आता ती त्याचीच असती तर बरं झालं असतं.

लोक आले. टीचरच्या सासरचे व्हॅन करून आले. मोय विरुंदुला खरं तर मटण असतं. टीचरचे थोरले दीर, मिशीवाले, धिप्पाड, पानावर तुपातली पुरणपोळी बघून त्यांनी मला सरळच विचारलं, 'हे गोड झालं. जेवण कधी?' मी म्हटलं, हेच. ते बिचारे जेवले आणि आंबट वरण तीनदा मागून घेतलं.

टेबलावर मी बसले होते. आमच्या लोकांनी एकशेएक मांडले, फार झालं तर पाचशेएक. शून्यावर थांबायचं नाही, वर एक रुपया घालायचा, ही आमची रीत इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढूनही सुटलेली नाही. त्यांच्यामागून टीचर आल्या, सोबत ते दीर. पर्समधून त्यांनी पन्नास हजार काढून माझ्यापुढं ठेवले. मी बँकेतली बाई, नोटांना दचकत नाही, पण तेव्हा दचकले.

'टीचर, एवढे?'

'घरातल्या मोयचे पैसे आहेत, अक्का. एकटीचे नाहीत माझ्या.' हे तमिळमध्ये, दिरांना ऐकू जाईल असं. 'हे दीर म्हणत होते, नाटकवाल्यांकडं मांडलेलं परत येत नाही. मी म्हटलं, मी त्या लोकांत वाढले, मला ठाऊक आहेत ते. माझा शब्द.' दीर मिशीतल्या मिशीत हसले. मग टीचर आवाज खाली आणून मराठीत म्हणाल्या, 'पुढच्या वर्षी नातीचे कान टोचायचे आहेत. मुलगी वयात आली म्हणून मंडप घालणं मला पटत नाही, ते मी होऊ देणार नाही. म्हणजे आमच्या घरात हेच एक कार्य. त्यात हे येऊ दे.'

मला गंमत सुचली. 'वर एक रुपया घाला, टीचर. आमच्यात शून्यावर थांबत नाहीत.'

त्या हसल्या. 'रुपया तुम्ही घाला, परत मांडताना. आमच्यात घेतलेलं परत करताना वर थोडं जास्त घालायचं असतं. तो नवा मोय. म्हणजे नातं पुढं चालू राहिलं. घेतलं तेवढंच मांडलं, वर काही नाही, तर त्याचा अर्थ वेगळा. संपलं, आता तुमचं आमचं काही नाही. वर एक रुपया असला तरी पुरे.'

'नक्की,' मी म्हटलं. 'मी माझ्या हातानं घालीन.'

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि लगेच सवयीप्रमाणे सभेची पावती फाडून त्यांच्या हातात दिली. पावतीवर 'देणगी' असं छापलेलं होतं, ट्रस्टच्या पावत्यांवर दुसरं काही छापता येत नाही. टीचरनी ती न वाचता पर्समध्ये टाकली. माझ्या हातचा कागद वाचून बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

वायरिंग झालं. नवे दिवे आले, पोंगलच्या प्रयोगात राजा अगदी शेवटपर्यंत सिंहासनावर बसला. टीचर देवी होत्या. निळ्या प्रकाशात त्या उभ्या राहिल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हात जोडले.

पुढं वर्ष संपता संपता एका तालमीला टीचर ताटात हळदकुंकू, पानसुपारी आणि पत्रिका घेऊन आल्या. सभेच्या नावाची पत्रिका वेगळी, माझी वेगळी, अण्णाची वेगळी. मला कुंकू लावून म्हणाल्या, 'दीर परत चिडवतात, अक्का. नाटकवाले येतील का म्हणून. मी सांगून ठेवलंय, माइकवर पहिलं नाव सभेचंच पुकारायचं.' आणि तालमीला उभ्या राहिल्या.

आम्ही कमिटी बोलावली, ऑडिटरनाही बोलावलं. ऑडिटर सरळ माणूस. त्यांनी विचारलं, 'देणगी परत कशी करता येईल? ट्रस्टचा पैसा एखाद्याच्या घरच्या कार्यात दिला असं मी कुठल्या खात्यात दाखवू?' अण्णा ताबडतोब म्हणाला, 'आपण पावती दिलेली आहे.' ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणी म्हणालं, टीचर समजूतदार आहेत. कुणी म्हणालं, निमंत्रणात मोय म्हटलं होतं ते काय खरं होतं होय, ती गंमत होती. मी खजिनदार, मला विचारलं. मी म्हटलं, 'नियम तो नियम.' मराठीत देणं म्हणजे दिलेलंही आणि फेडायचंही. आमच्या पावतीवर देणगी होती, टीचरच्या मनात ते देणं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांत हे नीट कळणारी मी एकटीच होते. तरी तोंडातून नियमच निघाला. गरज सरो, वैद्य मरो, असं आई म्हणायची. त्या दिवशी ते मी करून दाखवलं.

पदरमोड हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता. मला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, मागं कुणी नाही, ठेवी आहेत. शब्द मी दिला होता, 'माझ्या हातानं' असं मीच म्हटलं होतं. सभेला जमत नव्हतं तर मी माझे मांडायचे होते, कुठल्याही ऑडिटरनं मला अडवलं नसतं. पण मी स्वतःला समजावत बसले. आज टीचरना दिले तर उद्या बाकीचेही मागतील. खजिनदारानं एकदा पदरमोड केली की सभेला तीच सवय लागते. अशी छान छान वाक्यं मला सुचत गेली, एकाहून एक. बाकीच्यांनी एकशेएक मांडले होते, त्यांतलं कुणी काही मागणार नव्हतं. खरं एवढंच की माझा हात सुटेना.

बरं, नाही द्यायचे तर टीचरना समोर जाऊन सांगायचं, तेवढी तरी माणुसकी? त्या तालमीला येतच होत्या. एकदा मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'अक्का, तुम्हा लोकांसाठी वेगळी पंगत ठेवलीय, बिनमटणाची.' मी म्हटलं, बरं. आणि शेवटी कार्याच्या आदल्या दिवशी फोनवर मेसेज पाठवला, तमिळमध्ये, कारण मराठीत लिहायची छाती झाली नाही. ट्रस्टच्या नियमांमुळे सभेला मोय मांडता येत नाही, क्षमा असावी, आम्ही आशीर्वादाला येतोच. थोड्या वेळानं उत्तर आलं. 'सरी अक्का. नक्की या.' सरी म्हणजे ठीक आहे. मी ते वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं होतं.

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ट्रंकेतून एक शाल काढली. त्यातल्या त्यात बरी, लाल काठाची, एका टोकाला हळदीचा छोटा डाग. डाग आत जाईल अशी घडी घातली.

अण्णा आणि मी बसनं गेलो. रस्त्याला लागूनच मंडपम होतं, दारात नातीचा फोटो असलेला भला मोठा फलक, आत माणसांची गर्दी. नात मामाच्या मांडीवर बसली होती, डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर चंदन, गळ्यात स्वतःपेक्षा जड हार. सोनारानं कान टोचले तेव्हा ती मामाच्या हाताला चावली. सगळे हसले, मीही हसले. मग आम्ही स्टेजवर गेलो आणि अण्णानं टीचरना शाल घातली. घडी उलगडली आणि डाग नेमका वर आला. टीचरनी तो बघितला. ती शाल त्यांनीच मागं एकदा पाहुण्यांसमोर ताटात घालून आणली होती, त्यांना ती ओळखू येणारच. त्यांनी ती खांद्यावर नीट सारखी केली आणि फोटोला हसल्या.

आम्ही खाली येऊन मागच्या खुर्च्यांवर बसलो. आता माइक सुरू होईल, सभेचं नाव येणार नाही, दीर टीचरकडं बघतील. मी खाली मान घालून आपल्या चपला बघत होते. एका टेबलावर लॅपटॉप घेऊन माणूस बसला होता, हल्ली मोयच्याही पावत्या छापून मिळतात. माइक खरखरला. त्यानं पहिलं नाव पुकारलं.

'तंजावूर मराठी नाटक सभा. पन्नास हजार.'

मी वर बघितलं. पुढं रुपया येईल म्हणून मी थांबले. पुढं दुसऱ्याच कुणाचं नाव आलं.

अण्णा माझ्या कानाला लागला. 'तू दिलेस? मला न सांगता?'

'मला वाटलं तू.'

'मी? मी कुठून देणार?'

मी उठून टेबलाकडं गेले. त्या माणसानं मला तांबूलाची पिशवी आणि छापलेली पावती दिली. 'सभेचं ना? टीचरनीच सकाळी तुमच्या वतीनं भरलं. तुम्हाला यायला उशीर होईल म्हणाल्या.' पावतीवर सभेचं नाव होतं, रक्कम होती. न दिलेल्या पैशाची पावती मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली.

टीचर विसरल्या असतील, असं मी क्षणभर स्वतःला सांगून बघितलं. पन्नास हजार आठवणीनं भरले आणि रुपया विसरल्या. पण ज्या बाईच्या 'ब'चा कधी 'प' झाला नाही ती रुपया विसरत नाही. दिरांसमोर त्यांनी सभेची लाज राखली, स्वतःच्या पैशांनी राखली, आणि त्याच हातानं मला जे सांगायचं ते सांगितलं. भरल्या मंडपात ते ऐकू गेलेली मी एकटीच असेन असं मला वाटलं.

तेही खरं नव्हतं. जेवणाच्या पंगतीशी दीर आले. हात जोडले. म्हणाले, 'अम्मा, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो होतो. माफ करा.' मग जरा घुटमळले. एवढा धिप्पाड माणूस, पण बोलायला अवघडला. 'पण वर काहीच नाही घातलंत. आमचं काही चुकलं का? त्या दिवशी मी पोळीवरून बोललो, ते मनाला लावून घेतलंत का?'

मी म्हटलं, 'नाही, नाही. तसं काही नाही.' वाढणाऱ्यानं पानावर भात घातला आणि मी तो कालवत बसले. रक्कम जुळली होती, पैशाचा फरक नव्हता, आणि तो घास मात्र गिळवत नव्हता.

टीचर तालमीला येईनाशा झाल्या. फोन केला तर म्हणायच्या, गुडघे दुखतात. कधी म्हणायच्या, नात आलीय. आवाजात राग नसायचा, राग असता तर मी भांडले तरी असते. देवीची भूमिका आमच्यातल्या एका सुनेला दिली. ती चांगली मुलगी आहे, 'बाळा' म्हणायचं तिथं 'पाळा' म्हणते. नवे दिवे तिच्यावर लखलखीत पडतात. मी मागं उभी राहून बघते आणि मला त्या उजेडात बसवत नाही. कमिटीत कुणालाच याचं काही नाही. अण्णा म्हणतो, शेवटी सगळं निभावलं ना?

शेवटी मी बँकेत गेले. माझ्या ठेवीतले काढले, पन्नास हजार, आणि देवघरातल्या डबीतला एक रुपया वर घातला. पाकिटात घालून टीचरच्या घरी गेले. त्या अंगणात कडीपत्त्याची पानं काढत होत्या. 'या अक्का,' म्हणाल्या, पंखा लावला, खुर्ची पुढं केली. मी मनात सगळं जुळवून नेलं होतं, दारात येईपर्यंत एकेक वाक्य पाठ होतं. प्रत्यक्षात पाकीट पुढं केलं आणि म्हटलं, 'टीचर, हे माझे. सभेचे नाहीत. मी तेव्हाच द्यायला हवे होते. मी दिले नाहीत कारण माझा जीव झाला नाही. बाकी नियमबियम सगळं थोतांड.'

त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. बघितलं फक्त.

'रुपया घातलाय?'

'घातलाय.'

'मला वाटलंच तुम्ही घालाल.' त्या कडीपत्ता सुपात ठेवत म्हणाल्या. 'पण कार्याशिवाय मोय घेता येत नाही, अक्का. असा दारात घेतला तर ती भीक होते. आता आमच्याकडं नातीचं लग्न. पहिलीत आहे ती.'

मी म्हटलं, 'तोवर आपण दोघी कुठल्या असायला.'

'तेच,' टीचर म्हणाल्या. आणि कॉफी करायला आत गेल्या.

कॉफी नेहमीसारखी होती, मला लागते तशी कमी साखरेची. त्यांनी नातीच्या शाळेचं सांगितलं, मी अण्णाच्या ब्लडप्रेशरचं सांगितलं. नाटकाचा विषय दोघींनीही काढला नाही. निघताना त्या 'थांबा' म्हणून आत गेल्या आणि ती लाल काठाची शाल घेऊन आल्या. धुतलेली, इस्त्री केलेली, हळदीचा डाग कुठंच दिसत नव्हता.

'सभेची आहे, अक्का. पुढच्या पाहुण्याला लागेल.'

मी घेतली. नको म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं.